बंद ग्रंथांचा समाज आणि शालेय ग्रंथालय : अहमदनगरच्या इतिहासातील एक संदर्भ

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील जिल्हा वाचनालयाची स्थापना इ. स. १८३८ मध्ये झाली. रत्नागिरीचे वाचनालय त्यापूर्वी दहा वर्षे, म्हणजे १८२८ मध्ये, निघाले होते. नाशिकचे १८४० मध्ये व पुण्याचे १८४८ मध्ये निघाले. मराठी मुलखात वाचनाची जी पहिली ठाणी उभी राहिली त्यांत नगरचे स्थान असे बरेच वरचे आहे. स्थानिक लेखनातून या गोष्टीचा अभिमान नेहमी प्रकट होतो आणि तो अनाठायी नाही. परंतु अशा संस्थांचे दार त्या काळी कोणासाठी उघडे होते, हा प्रश्न त्या अभिमानाबरोबरच विचारला गेला पाहिजे. ज्याला अक्षरओळख आहे, जो वर्गणी देऊ शकतो आणि ज्याला उंबरठ्याशी कोणी अडवीत नाही, असा मनुष्य म्हणजे तत्कालीन वाचक. गावकुसाबाहेरच्या मुलाच्या दृष्टीने ग्रंथ ही वस्तू होती, पण ती दुसऱ्याच्या मालकीची होती.

या जुन्या प्रश्नाची आठवण व्हावी असा एक वाङ्मयप्रकार अलीकडच्या काळात शालेय ग्रंथालयांत येऊन दाखल झाला आहे. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली, भविष्यातील एखाद्या बिघडलेल्या, माणसाला जखडून टाकणाऱ्या समाजाचे चित्र काढणारी कादंबरी, हा तो प्रकार होय. प्रौढांच्या वाङ्मयात जॉर्ज ऑर्वेल यांची १९४९ मधील कादंबरी व रे ब्रॅडबरी यांची पुस्तके जाळणाऱ्या राज्याची १९५३ मधील कथा यांनी त्याचा पाया घातला होताच; मुलांसाठी तो पक्का रुजविण्याचे श्रेय अमेरिकन लेखिका लोइस लॉरी यांच्या ‘द गिव्हर’ या १९९३ च्या कादंबरीस बहुतांशी द्यावे लागते. तिला १९९४ मध्ये न्यूबेरी पदक मिळाले. गंमत अशी की, हे पदक देणाऱ्या अमेरिकन ग्रंथालय संघाच्याच यादीत, शाळांतून काढून टाकावीत अशी मागणी ज्यांविषयी वारंवार झाली त्या पुस्तकांतही, ही कादंबरी आढळते. २००८ मध्ये निघालेल्या सुझॅन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’च्या वाट्यालाही पुढे तेच आले. मुलांना काळोख दाखवू नये, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष कोठेच दुर्बळ नसतो.

लॉरीबाईंच्या कथेतील एक तपशील ग्रंथालयाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. तेथील घरांत फक्त तीन प्रकारचे ग्रंथ असतात : एक शब्दकोश, एक त्या वसाहतीची माहिती देणारा जाडजूड ग्रंथ आणि एक नियमांचे पुस्तक. बाकीचे सारे ग्रंथ एकाच वृद्ध पुरुषाच्या खोलीत भिंतीभर लावलेले असून ते उघडण्याचा अधिकार इतर कोणालाही नाही. समाजाचा सर्व भूतकाळ, युद्ध, भूक, वेदना, तसेच रंग आणि प्रेमही, त्या एकट्याच्या स्मृतीत साठविलेला आहे. जोनास नावाच्या बारा वर्षांच्या मुलाची त्याचा वारस म्हणून निवड होते. वृद्धाकडून एकेक स्मृती त्याच्याकडे येऊ लागते आणि ज्या समाजाला तो निर्दोष समजत होता त्याचे खरे रूप त्याला कळते. ग्रंथ मूठभरांच्या ताब्यात आणि उरलेल्यांना केवळ नियम, अशी ही रचना आहे. लेखिकेने ती भविष्यातील म्हणून कल्पिली. मराठी वाचकाला ती ओळखीची वाटावी, यात नवल नाही.

यासाठी एकशेअडतीस वर्षे मागे, १८५५ सालाकडे जावे लागते आणि ती वाट नगरवरूनच जाते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले. मिस सिंथिया फॅरार या १८३९ मध्ये येथे आल्या आणि १८६२ मध्ये येथेच मृत्यू येईपर्यंत मुलींच्या शिक्षणाचे काम करीत राहिल्या. जोतीराव फुले यांनी त्यांची शाळा पाहिली होती. पुण्यातील १८४८ च्या उपक्रमामागे त्या भेटीचा संस्कार होता आणि सावित्रीबाईंच्या अध्यापन-शिक्षणाशीही फॅरारबाईंचे नाव निगडित आहे. याच मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक जून १८४२ मध्ये नगरहून सुरू झाले व पुढे मुंबईस गेले. त्याच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध दोन भागांत छापला गेला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, सुमारे चौदा वर्षांची मांग समाजातील मुलगी होती.

निबंधाच्या मुळाशी एक तर्क आहे आणि तो विलक्षण रोखठोक आहे. वेद हे आमचेच, असे ब्राह्मण म्हणतात; ते पाहण्याचाही इतरांना अधिकार नाही; मग ज्यांना पाहण्यासारखे धर्मपुस्तकच नाही, त्यांना धर्म तरी कोठला? इतरांना आपापला ग्रंथ आहे, या लोकांना तो नाही, तेव्हा त्यांचा धर्म कोणता हे देवानेच सांगावे, असे ती विचारते. ज्या धर्मात एकाने उपभोगावे व बाकीच्यांनी पाहत राहावे, तो पृथ्वीवरून जावा, असेही ती निर्भयपणे लिहिते. बंद ग्रंथाला तिने तक्रारीचा विषय केले, एवढेच यात नाही. त्या बंदीवरून तिने सबंध समाजरचनेचा निवाडा केला आहे.

त्यानंतर येतात ते अत्याचारांचे तपशील. इमारतींच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरलेली माणसे. बाजीरावाच्या अमदानीत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्याचे शिर उडवून केलेला चेंडूचा खेळ. कोणी लिहा-वाचावयास शिकलाच तर त्याच्यावर ओढवणारा कोप. डोक्यावर छप्पर नसल्याने पावसा-थंडीत बाळंत होणाऱ्या स्त्रिया. शेवटची गोष्ट तिच्या भोवतालची आहे. पहिल्या गोष्टी मात्र तिने पाहिलेल्या असणे शक्य नाही, कारण पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि मुक्तेचा जन्म त्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी झाला. त्या तिच्यापर्यंत आल्या त्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून. यामुळे निबंधाची साधने म्हणून किंमत कमी होते, असे मानण्याची घाई करू नये. मौखिक स्मृती ही दप्तरातील कागदापेक्षा निराळ्या रीतीने तपासावी लागते, इतकेच. आणि दप्तर कोणाच्या हाती होते, याचाही विचार त्या तपासणीत यावा लागतो. तिने इंग्रज सरकारचे मानलेले आभारही याच सावधपणाने वाचले पाहिजेत. ज्या मुलीला त्या राजवटीत प्रथमच पाटी मिळाली तिचे ते उद्गार आहेत, राजवटीचे सर्वांगीण मूल्यमापन नव्हे.

जोनास आणि मुक्ता यांतील साम्य येथे दिसते. दोघांकडेही वृद्धांनी वेदनेच्या स्मृती सोपविल्या. फरक असा की, जोनासचा समाज विस्मृतीत सुखी आहे, तर मुक्तेच्या समाजातील वरच्या थराने खालच्या थराचे दुःख कधी नोंदलेच नव्हते. तिने ते नोंदले आणि छापखान्याने ते टिकविले. मुक्तेविषयी एक आठवण सांगतात : परीक्षेनंतर बक्षीस म्हणून खाऊ देऊ केला असता, खाऊ नको, शाळेला ग्रंथालय द्या, असे ती म्हणाली. निबंध वाचल्यावर ही आठवण तिच्या नावाला का चिकटली, ते समजते.

मराठी कादंबरीचा आरंभही अशाच काळोखातून झाला, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही एका शिकलेल्या तरुणीच्या प्रवासातून विधवांच्या स्थितीचे दर्शन घडविते. पण प्रश्नाबरोबर धर्मांतराचे उत्तरही तीच देऊन टाकते. हरि नारायण आपटे यांनी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः छापलेल्या कादंबरीत यमू नावाचीच मुलगी स्वतःची कहाणी सांगते, आणि तेथे शीर्षकच एक प्रश्न होऊन राहते. वर्गात पहिल्या प्रकारचे पुस्तक सोयीचे ठरते, कारण त्यावर परीक्षा घेता येते. ग्रंथालयाच्या तासाला दुसऱ्या प्रकारचे अधिक मानवते. लॉरीबाईंनी आपल्या कथेचा शेवट मोघम ठेवला, त्यावर मुले आजही भांडतात. ते भांडण हाच त्या पुस्तकाचा खरा उपयोग.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे व त्यात कथापुस्तकेही असावीत, असे ठरविले. तेव्हा कपाट आले. त्यात काय ठेवावे व ते कसे वाचावे, हे उरले. जेथे नवी इंग्रजी कादंबरी एकटीच ठेवली जाते तेथे मुले ती परक्या देशातील, उद्याची, म्हणून थोडीशी मौजेची वस्तू समजतात. तिच्या शेजारी मुक्तेचा निबंध आणि ‘बलुतं’ असले तर चित्र बदलते. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाचे लेखक दया पवार हे याच जिल्ह्यातील, अकोले तालुक्यातील धामणगावचे. अर्थात ‘बलुतं’ हे मुलांसाठी लिहिलेले पुस्तक नव्हे; त्यातील बालपणाचे, गावाचे व शाळेचे भाग शिक्षकाने निवडून घ्यावेत.

या उपक्रमात एक धोका आहे आणि तो पालकांच्या हरकतीहून मोठा आहे. कल्पित समाजाचे दुःख कोणाचेच नसते, म्हणून त्यावर सर्व मुले सारख्या मोकळेपणाने बोलतात. निबंधातील दुःखाचे वारस मात्र त्याच बाकावर बसलेले असतात, आणि ज्यांच्याविषयी तक्रार आहे त्यांचेही. जातीच्या कारणाने झालेल्या अत्याचारांच्या बातम्या या जिल्ह्यातून एकविसाव्या शतकातही आल्या आहेत. म्हणून मोठ्याने वाचण्यासाठी निबंध कोणाच्या हाती द्यावा, हे आडनाव पाहून ठरविणे अत्यंत गैर. आणि ‘तुमच्या घरी काय सांगतात’ हा प्रश्न एकट्या एका मुलाकडे वळविणे त्याहून गैर. विचारावयाचा तर तो सर्वांना, म्हणजे ज्यांच्या घरी याविषयी काहीच सांगितले जात नाही त्यांनाही, विचारावा. तेही जोनासच्या वसाहतीतलेच आहेत. आधी कादंबरीतील तीन ग्रंथांच्या घराचे प्रकरण वाचून, मग मुक्तेचा वेदांविषयीचा उतारा घेतला, तर ही चर्चा पुस्तकांपासून सुरू होते, आडनावांपासून नव्हे. निबंध लहान आहे. शाळेच्या एका तासात तो सावकाश वाचून होतो.