आबांची परभणी, आजीची हिंगोली

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला तेव्हा आमच्या घरात दोन मतं पडली. आबा जिंतूरकडचे. औंढ्याचा नागनाथ आणि नरसीचे नामदेव महाराज परभणी जिल्ह्यातले, हे त्यांनी पाहुण्यांना जन्मभर अभिमानानं सांगितलेलं. आता ते शेजारच्या जिल्ह्याचे झाले. आबा दिवसभर कुणाशी फारसं बोलले नाहीत. आजीचं माहेर सेनगावकडचं, पार वाशीमच्या शिवेला. ती म्हणाली, "लई बेस झालं. माझ्या भावाची कचेरी जवळ आली."

तिच्या या एका वाक्यामागे तिच्या वडिलांची सगळी वणवण होती. बांधाचा दावा कलेक्टरपर्यंत गेलेला. तारखेच्या आदल्या रात्री बैलगाडी जुंपायची, हिंगोली गाठायची, मीटरगेजच्या गाडीनं वसमतवरून पूर्णा जंक्शनला उतरायचं, तिथं गाडी बदलून परभणी. एका फडक्यात भाकरी, ठेचा, कांदा. दुसऱ्या फडक्यात उर्दूतले कागद. ते फडकं ते झोपेतही सोडत नसत. सुनावणी आटोपेस्तोवर दिवस कलायचा, परतीची गाडी निघून गेलेली असायची. मग फलाटावरच उशाला कागद घेऊन पडायचं. "पेरणीच्या दिवसात तारीख आली की माय रडायची," आजी सांगायची. जिल्ह्याचं ठिकाण लांब असणं म्हणजे काय, हे मला कुठल्या पुस्तकातून नाही, या सांगण्यातून कळलं.

आबांच्या गोष्टी आणखी मागच्या. निजामाच्या राज्यात पहिल्या सालारजंगानं १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली आणि मुलखाला जिल्हे, तालुके अशी चौकट आली. कलेक्टरच्या जागी अव्वल तालुकदार असे. आबांच्या वडिलांच्या तोंडी शेवटपर्यंत 'तालुकदारसाहेब'च राहिला.

सेनगावच्या उत्तरेला मात्र नुसता दुसरा जिल्हा नव्हता, दुसरं राज्य होतं. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं आणि वाशीम परमुलूख झालं. आजीचे वडील वाशीमच्या बाजाराला निघाले की वाटेत करोडगिरीचा नाका लागे. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. सात हालीला सहा कलदार असा भाव. बाजार तोच, माणसं ओळखीची, सोयरीकही दोन्हीकडची, पण कनवटीचा पैसा बदलावा लागे. रझाकारांच्या काळात हीच हद्द जिवावर बेतली आणि हिनंच जीव वाचवला. मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या मुलखातली, कितीतरी कुटुंबं रातोरात वऱ्हाडात गेली. त्यात आजीचं माहेरही होतं. लेकरांच्या तोंडाला हात लावून नाल्यानाल्यानं चालल्याचं ती सांगे. पैनगंगेपलीकडच्या उमरखेडला तर हैदराबादच्या स्वातंत्र्यसैनिकांचा तळच होता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आजीच्या माहेरची ती शिव साध्या दोन जिल्ह्यांची शिव झाली.

पुढची मोडतोड स्वराज्यातली. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून तिकडे गेला. मग १९९९ मध्ये हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा गेले. गाड्यांवर एमएच-२२ च्या जागी एमएच-३८ आलं. १९६० मध्ये महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत.

इंग्लंडमध्ये याच्या उलट घडलं. १९७२ च्या कायद्यानं १ एप्रिल १९७४ पासून तिथल्या जुन्या परगण्यांची नव्यानं जुळवाजुळव झाली. रटलंड हा सगळ्यांत चिमुकला परगणा लेस्टरशायरमध्ये विरघळवला. लोकांनी ते मनोमन कधी मान्य केलं नाही, आणि १ एप्रिल १९९७ ला रटलंडला आपला कारभार परत मिळाला. पण एवढ्या लांब तरी कशाला जायचं? आमच्या शेजारचं वाशीम १९०५ पर्यंत जिल्हाच होतं. इंग्रजांनी ते अकोल्यात मिळवलं आणि १ जुलै १९९८ ला ते पुन्हा जिल्हा झालं. त्र्याण्णव वर्षं! रटलंडला तेवीस वर्षं थांबावं लागलं, वाशीमच्या पिढ्याच थांबल्या.

मी आजीच्या बाजूचा आहे. नागनाथ औंढ्याहून हलला नाही, आबांना दर श्रावणात तिथं जायला कुणी अडवलं नाही. पण सेनगावच्या शेतकऱ्याचा एक मुक्काम वाचला. जिल्हा शेवटी त्या माणसासाठी असतो. आबांचं दुःख मला खोटं वाटत नाही, फक्त ते फलाटावर झोपणाऱ्या माणसाच्या दुःखापेक्षा लहान आहे.

आणि तुटलेलं सगळंच तुटतं असंही नाही. परतूर जालन्यात जाऊन चार दशकं उलटली, तरी लोकसभेला तिथली माणसं परभणीचा खासदार निवडतात. उमरखेड यवतमाळ जिल्ह्यात, पण मतदान हिंगोली लोकसभेला. आजीच्या लहानपणी जे परराज्य होतं, ते आणि तिचा मुलूख आता एकच उमेदवार तोलतात. येलदरीचं धरण जिंतूर तालुक्यात, त्याच पूर्णेवरचं सिद्धेश्वर हिंगोली जिल्ह्यात. वरचं पाणी खाली सोडताना नदीला दोन्ही जिल्हे एकच.

एक काम मात्र राहून गेलंय. माणसं वाटली, कार्यालयं वाटली, पण जुने कागद हद्दी ओळखत नाहीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडीतली, उर्दूतली दप्तरं मराठवाडाभर धुंडाळावी लागली, शोध हैदराबादपर्यंत गेला. १९५४-५५ ची खासरा पाहणी, निजामाच्या काळातले दावे, यांतल्या प्रत्येक गावच्या कागदाची वाचता येणारी प्रत त्या गावच्या आजच्या तहसिलीत हवी, सोबत मराठी लिप्यंतर हवं आणि तो कागद मोफत दाखवणारा माणूस हवा. सेनगावचा म्हातारा आपल्या पणज्याचं नाव शोधायला निघाला, तर त्याला सेनगावातच ते सापडलं पाहिजे.