गिरणीतल्या बायका आणि आठवड्याची गोळी

आम्ही वैद्य नव्हे. कामगारांत वावरणारी, वाचून शिकलेली माणसे. तथापि एका औषधाचा इतिहास गिरणगावातून जातो, म्हणून तो धाकट्या डहाणूत सांगण्याचे धाडस करतो.

1928 मध्ये लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. कापडगिरण्यांतल्या गरोदर बायका रक्त आटून दगावत, त्याचे कारण शोधायचे होते. काम परळच्या हाफकिन संस्थेत चाले. जंतू सापडेना, तेव्हा बाईंनी या बायकांच्या ताटाकडे पाहिले. मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क आधी माकडाला, मग बायकांना दिला. रक्त भरून आले. 1931 मध्ये हे छापून आले. पगारपत्रकात न दिसणारी उपासमार रक्ताच्या थेंबात दिसली, असे आम्ही म्हणू.

अर्कातला तो गुणकारी अंश म्हणजे फॉलिक आम्ल. 1945 मध्ये अमेरिकेत आंध्रच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालील मंडळींनी ते कृत्रिमरीत्या तयार केले. (त्याच वर्षी इथल्या तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठ झुगारली, तो विषय दुसऱ्या व्याख्यानाचा.) पुढे फॉलिक आम्लासारखेच भासून पेशींना फसवणारे द्रव्य निघाले. रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांचा आजार त्याने काही काळ हटला, हे बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी 1948 मध्ये जाहीर केले. त्याचेच भावंड मेथोट्रेक्सेट. थोड्या मात्रेत ते अंगावर उलटलेली प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून सांधे सुजवणाऱ्या आमवातावर देतात. आठवड्यातून एकच दिवस. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते.

1969 मध्ये हे औषध घेणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांत निराळाच दाह आढळल्याचे प्रसिद्ध झाले. हा विकार विरळा. आला तर बहुधा पहिल्या वर्षात. कोरडा खोकला, ताप, चार पावलांत धाप. औषध थांबवावे लागते, प्रसंगी स्टिरॉइड द्यावे लागते. पण प्रतिकारशक्ती दबलेली पाहून न्यूमोसिस्टिस नावाची बुरशीही फुप्फुसात शिरू शकते. लक्षणे तीच, उपचार वेगळे. म्हणून आधी संसर्ग तपासावा लागतो.

इथेच आमच्या माणसाची गाठ अडते. धुळीत जन्म काढलेल्याचा खोकला धुळीच्या नाहीतर क्षयाच्या खात्यावर मांडला जातो. किती कागद आम्ही पाहिले: धंदा लिहिलेला, सांध्यांची गोळी लिहिलेली नाही. डॉक्टरने विचारले नाही, आणि गुडघ्याच्या गोळीचा छातीशी काय संबंध, म्हणून बाईनेही सांगितले नाही.

या गोळीच्या जोडीला दुसऱ्या वारी फॉलिक आम्ल देतात, तोंड आणि यकृत सांभाळायला. परळच्या बायकांना उठवणारे तेच ते. फुप्फुसाच्या दाहाबाबत मात्र त्यावर भरवसा टाकता येत नाही.