मेमरी घेतली, पण परत कोण करणार? सी भाषा आणि ‘हार्टब्लीड’चा धडा

कोणतंही ॲप उघडलं की ते रॅममध्ये थोडी जागा मागतं. काम झाल्यावर ती जागा मोकळी व्हायला हवी. जावा, पायथॉन, जावास्क्रिप्ट या भाषांमध्ये ही आवराआवर भाषाच करते. सी भाषेत मात्र ती बरीचशी प्रोग्रामरलाच करावी लागते.

जागा मिळते कशी?

सीमध्ये फंक्शनची स्वतःची छोटी माहिती ‘स्टॅक’वर राहते आणि फंक्शन संपलं की ती जागा आपोआप सुटते. जास्त काळ लागणारी किंवा आकार आधी माहीत नसलेली माहिती ‘हीप’वर ठेवतात. तिथे ‘मॅलॉक’ म्हणून जागा मागायची आणि ‘फ्री’ म्हणून परत करायची. मिळालेल्या जागेचा पत्ता जो सांभाळतो, तो पॉइंटर.

चुका कुठे होतात?

• मेमरी लीक: जागा घेतली, पण परत करायची राहिली. महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरची रॅम अशीच हळूहळू भरते.

• सोडलेली जागा वापरणं: भाड्याचं घर सोडलं, पण किल्ली खिशातच राहिली. आत आता दुसरं बिऱ्हाड आहे. जुन्या किल्लीने दार उघडलं की गोंधळ ठरलेला.

• हद्द ओलांडणं: १० बाइट मागितले आणि अकरावा वाचला. सी भाषा स्वतःहून अडवत नाही.

एक तपासणी राहिली आणि...

ही तिसरी चूक किती महागात पडते, ते ७ एप्रिल २०१४ रोजी जगाला कळलं. असंख्य वेबसाइट सुरक्षित जोडणीसाठी ‘ओपनएसएसएल’ हे सीमध्ये लिहिलेलं सॉफ्टवेअर वापरत होत्या. जोडणी चालू आहे ना, हे पाहायला एक बाजू छोटा संदेश आणि त्याची लांबी पाठवते. दुसरी बाजू तोच संदेश परत करते.

ओपनएसएसएल ही सांगितलेली लांबी खरी आहे का, हे तपासतच नव्हतं. एक अक्षर पाठवून ‘६४ हजार अक्षरं आहेत’ म्हटलं, की सर्व्हर शेजारच्या मेमरीतला मजकूरही देऊन टाकायचा, एका वेळी ६४ केबीपर्यंत. त्यात पासवर्ड, अगदी सर्व्हरची गुप्त किल्लीही असू शकत होती. ही चूक मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून, म्हणजे दोन वर्षं तिथेच होती. कॅनडाच्या कर विभागातून सुमारे ९०० जणांचे सामाजिक विमा क्रमांक यातूनच चोरले गेले. दुरुस्ती काय होती? लांबी तपासणाऱ्या मोजक्या ओळी.

मग सी सोडत का नाहीत?

कारण वेग आणि मेमरीवरचा थेट ताबा. लिनक्सचा गाभा सीमध्येच आहे. पायथॉनची सर्वाधिक वापरली जाणारी आवृत्तीसुद्धा. काही केबी मेमरीच्या चिपवर आवराआवर करणारी वेगळी यंत्रणा परवडतही नाही.

२०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेली रस्ट भाषा यावर मार्ग काढते. तिथे प्रत्येक माहितीला एकच मालक असतो. मालकाचं काम संपलं की जागा सुटते. सोडलेल्या जागेचा वापर कंपायलर आधीच पकडतो आणि हद्द ओलांडली तर प्रोग्राम तिथेच थांबतो. गूगलच्या आकडेवारीनुसार, नवा कोड अशा सुरक्षित भाषांत लिहायला लागल्यावर अँड्रॉइडच्या सुरक्षा त्रुटींमधला मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला.

तरीही सीमधला जुना कोड जगभर चालूच आहे. म्हणून फोनवर येणारं ‘सिक्युरिटी अपडेट’ पुढे ढकलू नका. त्यात कदाचित अशीच राहून गेलेली एखादी तपासणी असेल.