एव्हरींच्या निबंधातली ‘चर्चा’

निष्कर्षांत काय दिसलं ते लिहायचं आणि चर्चेत त्याचा अर्थ, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. अडचण येते ती अर्थ कुठवर लावायचा इथं.

फेब्रुवारी १९४४. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधून ऑस्वाल्ड एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांचा निबंध आला. न्यूमोनियाच्या मेलेल्या, आवरण असलेल्या जंतूंचा अर्क आवरण नसलेल्या जिवंत जंतूंना दिला, की त्यांनाही तसंच आवरण येई, पुढच्या पिढ्यांनाही. प्रथिनं मोडणारी विकरं अर्कात घातली तरी काम चालू. डीएनए मोडणारी घातली, की बंद.

आता चर्चा बघा. तिथे ते लिहितात, हे काम डीएनएचं नसून त्याला चिकटलेल्या, अगदी अल्प अशा दुसऱ्याच एखाद्या द्रव्याचंही असू शकेल. याच एव्हरींनी मे १९४३ मध्ये आपल्या भावाला पत्र लिहिलं होतं, आणि त्यात ‘हे जनुकच असेल’ अशा अर्थाचं मोकळेपणानं म्हटलं होतं!

पुढे त्याच संस्थेतल्या आल्फ्रेड मर्स्कींनी आक्षेप घेतला, की अर्कात थोडं प्रथिन उरलं असेल. म्हणजे निबंधातलीच शंका परत आली. एव्हरींचा भिडस्तपणा त्यांना नडला, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. प्रथिनाचा अंशही उरलेला नाही, हे दाखवणारी चाचणीच तेव्हा हाती नव्हती. मग चर्चेत दुसरं काय लिहिणार?

१९५२ मध्ये हर्षी आणि चेस यांच्या प्रयोगानंतर पारडं डीएनएकडे झुकलं. एव्हरी १९५५ मध्ये गेले, नोबेलविना.