तंबाखू सोडविण्याचे प्रयोग आणि त्यांतील वाटेकरी

औषध शोधून काढणाऱ्याचें नांव इतिहासांत राहतें. तें औषध खरोखर गुणकारी आहे कीं नाहीं, हें ठरावें म्हणून ज्यांनीं आपलें शरीर व आपला दिनक्रम संशोधकांच्या स्वाधीन केला, त्यांचीं नांवें मात्र कोठेंहि आढळत नाहींत. तंबाखूचें व्यसन सोडविण्याच्या उपायांचा इतिहास पाहतां ही गोष्ट विशेष जाणवते. कारण येथील रोगी अंथरुणाला खिळलेला नसतो. तो कामधंदा करणारा, चालता-बोलता गृहस्थ असतो, आणि त्यानें संशोधकाला खरें सांगितलें तरच प्रयोगाला कांहीं अर्थ राहतो.

अशा प्रयोगांची रीत रूढ झाली ती क्षयरोगाच्या निमित्तानें. इ. स. १९४८ सालीं ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळानें स्ट्रेप्टोमायसिन या औषधाच्या परीक्षेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानें तींत रोग्यांचे दोन गट पाडले होते. आणि कोणता रोगी कोणत्या गटांत जावयाचा, हें डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवतां बंद लिफाफ्यांतील चिठ्ठीवर सोपविलें होतें. डॉक्टर कितीहि प्रामाणिक असला, तरी बरा होण्याजोगा रोगी नव्या औषधासाठीं निवडण्याचा मोह त्याला नकळत होतोच. चिठ्ठीला असा मोह होत नाहीं. याच हिल यांनीं रिचर्ड डॉल यांच्या साहाय्यानें १९५० सालीं धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा निकट संबंध दाखवून दिला. तंबाखू घातक आहे, हें पुढें सर्वमान्य झालें. ती सुटावी कशी, हा प्रश्न उरला.

या प्रश्नाचा एक उद्‌बोधक शोध लंडनमध्यें झाला. मायकेल रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २८ डॉक्टरांच्या दवाखान्यांत येणाऱ्या २,१३८ धूम्रपान करणाऱ्या लोकांचे चार गट केले. पहिल्या गटाला कांहींच सांगितलें नाहीं. दुसऱ्याला केवळ संवयीविषयीं प्रश्न विचारले. तिसऱ्याला डॉक्टरांनीं मिनिट-दोन मिनिटें उपदेश केला. चौथ्याला उपदेशाबरोबर एक पत्रकहि दिलें आणि पुढें चौकशी केली जाईल, अशी पूर्वसूचना दिली. १९७९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या महिन्यांत धूम्रपान सोडून वर्षअखेरपर्यंत तो निश्चय टिकविणारांचें प्रमाण चारहि गटांत अनुक्रमें शेंकडा ०.३, १.६, ३.३ आणि ५.१ भरलें.

शेंकडा पांच ही संख्या क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु एका डॉक्टरकडे वर्षभरांत किती रोगी येतात, आणि एका देशांत असे डॉक्टर किती असतात, याचा हिशेब केला म्हणजे त्या दोन मिनिटांचें मोल ध्यानांत येतें. शिवाय, शेवटच्या गटाच्या ५.१ या आंकड्याला अर्थ आला तो पहिल्या गटाच्या ०.३ मुळें. ज्यांना कांहींच मिळालें नाहीं, आणि ज्यांनीं सर्व कांहीं मिळूनहि सिगारेट सोडली नाहीं, त्यांच्यावांचून हा हिशेब जमला नसता.

चघळण्याच्या निकोटिनयुक्त गमाची कथाहि अशीच आहे. पाणबुडींतील खलाशांना तेथें धूर काढतां येत नसे; ते तंबाखू चघळून वेळ निभावीत. या निरीक्षणावरून स्वीडनमधील ओव्हे फर्नो यांना अशा गमाची कल्पना सुचली. निकोटिन मिळावें, पण धूर व डांबर टळावें, आणि मग हळूहळू निकोटिनचीहि गरज कमी व्हावी, हा त्यांतील हेतु. त्याची एक कसोशीची परीक्षा लंडनच्या मॉड्‌स्ली रुग्णालयांत झाली व १९८२ सालीं प्रसिद्ध झाली. तींत ११६ जण होते. निम्म्यांना खरा गम दिला. निम्म्यांना चवीनें व दिसण्यानें तसाच, पण जवळजवळ निष्प्रभ. आपल्या वांट्याला कोणता आला, हें त्यांना ठाऊक नव्हतें. वर्षअखेर खरा गम घेणारांपैकीं शेंकडा ४७ जण व्यसनमुक्त राहिले. दुसऱ्या गटांतील शेंकडा २१. हा दुसरा गट नसता, तर सारें श्रेय गमालाच गेलें असतें. तो होता, म्हणून औषधाचा वांटा किती आणि धीराचा व आधाराचा किती, हें निराळें काढतां आलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं निकोटिनच्या या पर्यायी उपचाराचा अत्यावश्यक औषधांच्या यादींत समावेश केला, त्याच्या मागें अशा अनेक परीक्षा आहेत.

मात्र प्रयोगांत भाग घेणाराला नेहमीं लाभच होतो, असें नाहीं. फिनलंडमध्यें १९८५ सालीं एक प्रचंड परीक्षा सुरू झाली. पन्नास ते एकोणसत्तर वर्षें वयाचे २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष तींत सामील झाले. गाजराला रंग देणारें बीटा-कॅरोटिन हें द्रव्य ज्यांच्या आहारांत अधिक, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असें पूर्वीं दिसून आलें होतें. म्हणून कांहींना त्या द्रव्याच्या गोळ्या, कांहींना ई जीवनसत्त्वाच्या, कांहींना दोन्ही, आणि कांहींना निर्गुण गोळ्या पांच ते आठ वर्षें दिल्या. १९९४ सालीं निकाल लागला, तो विपरीत! बीटा-कॅरोटिन घेणारांत कर्करोग घटण्याऐवजीं शेंकडा १८ नीं अधिक आढळला. अमेरिकेंत चाललेली तशीच एक परीक्षा १९९६ च्या जानेवारींत मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आली.

फिनलंडच्या त्या पुरुषांनीं आशेनें गिळलेली गोळी त्यांच्यांतील कांहींना बाधक ठरली, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु ही परीक्षा झाली नसती, तर त्याच गोळ्या सिगारेट ओढणाऱ्या असंख्य लोकांनीं रक्षाकवच समजून घेतल्या असत्या. या घटनेवरून संमतीचें महत्त्व कळून येतें. ज्या हेलसिंकी नगरींत १९६४ सालीं जागतिक वैद्यकीय संघानें मानवी प्रयोगांचे नीतिनियम घोषित केले, ती याच देशाची राजधानी. फलाची हमी कोणीच देऊं शकत नाहीं. म्हणूनच, धोका आहे हें समजून उमजून माणसानें होकार द्यावा, आणि वाटेल तेव्हां त्याला माघार घेतां यावी, हें त्या नियमांचें सार आहे.

कोणाला काय द्यावें आणि कोणाला काय देऊं नये, हा पेंच भारतांतहि पडला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील दंतसंशोधन विभागानें, डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखालीं, १९६६ पासून खेडोपाडीं तंबाखू व मुखरोग यांची पाहणी आरंभिली. केरळांतील एर्नाकुलम्, गुजराथेंतील भावनगर आणि आंध्रांतील श्रीकाकुलम् या जिल्ह्यांत दहा वर्षें त्याच त्याच लोकांचीं तोंडें पुनःपुन्हां तपासण्यांत आलीं. एर्नाकुलमांत पानतंबाखू, भावनगरांत विडी, तर श्रीकाकुलमांत चिरूट. आणि तोहि जळतें टोंक तोंडांत धरून ओढावयाचा, स्त्रियांनीं विशेषेंकरून! त्या पाहणींत निरीक्षण होतें, व्यसन सोडविण्याचा उपक्रम नव्हता.

पुढें १९७७ च्या सुमारास याच तीन जिल्ह्यांत ३६,००० हून अधिक तंबाखूसेवकांना सामील करून घेतलें. या वेळीं प्रत्येकाला समक्ष उपदेश केला, प्रसारसाधनेंहि योजिलीं. उपदेशावांचून मुद्दाम कोणाला वगळलें नाहीं. तुलनेसाठीं आधीच्या पाहणींतील पहिल्या पांच वर्षांच्या नोंदी उपयोगी पडल्या. १९८६ सालीं निष्कर्ष आले. एर्नाकुलमच्या पुरुषांत तोंडांतील पांढऱ्या चट्ट्यांचें, म्हणजे कर्करोगाच्या पूर्वचिन्हांचें प्रमाण पूर्वीच्या सुमारें एक-चतुर्थांशावर आलें होतें. निरक्षर खेडुताला उपदेश करून काय उपयोग, या शंकेला त्या खेडुतांनींच उत्तर दिलें. आणि हें उत्तर सिद्ध होण्यास, ज्यांना दहा वर्षांपूर्वीं कोणी उपदेश केला नव्हता, त्यांच्या तोंडांच्या नोंदी लागल्या.

आज एखादा डॉक्टर रोग्याला दोन मिनिटें थांबवून तंबाखू सोडण्यास सांगतो, तेव्हां तो केवळ आपलें मत सांगत नसतो. लंडनच्या दवाखान्यांत बसलेले, निष्प्रभ गम चघळलेले, फिनलंडमध्यें गोळ्या गिळलेले आणि तीन जिल्ह्यांच्या खेड्यांतून आपलें तोंड उघडून दाखविलेले हजारों लोक त्याच्या शब्दाला आधार देत असतात. त्यांतील पुष्कळांची तंबाखू अखेरपर्यंत सुटली नाहीं. ती सुटली नाहीं, हें त्यांनीं खरेंखरें सांगितलें. त्यांच्या मागून येणाऱ्यांना तेंच उपयोगी पडलें.