स्वराज्य गावात आले तेव्हाची आमची दिंडी

दिंडीला शंभर वर्षे झाली म्हणून हे पुस्तक निघत आहे. मंडळी घरी आली आणि म्हणाली, "महाराज, तुम्ही स्वातंत्र्याच्या काळावर लिहा. पंधरा ऑगस्टच्या कीर्तनात सांगता तेच लिहून द्या." आम्ही म्हटले, बाबांनो, आमची शाळा चौथीपर्यंत. उभे राहून बोलायचे तर दोन तास बोलू, पण लिहायचे म्हणजे कासरा धरणाऱ्या हातात सुई दिल्यासारखे आहे. तरी सेवा म्हणून लिहितो. सालं-तारखा एका निवृत्त गुरुजींनी तपासून दिल्या आहेत. ते गुरुजी कोण, ते शेवटी कळेल.

पुष्कळांना वाटते, स्वातंत्र्याची चळवळ पुण्या-मुंबईला झाली आणि आपल्याला आयते मिळाले. तसे नाही. पण सुरुवात तिकडे झाली हे खरे. १८८५ साली मुंबईत काँग्रेसची पहिली सभा भरली, तेव्हा ७२ माणसे होती. वकील, संपादक, शिकलेली माणसे. त्यात औत धरणारा कोण असणार? मग शेतकऱ्याला इंग्रज कसा कळला? तर तो पोटातून कळला.

इंग्रजाचा शेतसारा रोख रकमेत. पाऊस पडो न पडो, हप्ता चुकायचा नाही. रोख पैसा कुणबी माणसाकडे कुठला? मग सावकाराचे दार. कागदावर अंगठा उठायचा, आणि दोन-चार वर्षांत कोर्टाचा हुकूम घेऊन सावकार जमिनीवर उभा. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजाराला लोक उठले. पुढे बऱ्याच गावांत तेच झाले. रोख सगळा त्या कर्जाच्या कागदांवर होता. कागद जाळले की गळ्यातला फास सुटेल, एवढाच त्यांचा हिशोब. सरकारने मग चौकशी बसवली आणि १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा केला. म्हणजे बघा, न शिकलेल्या माणसांनी सरकारला कायदा करायला लावला.

त्याच सुमाराला, १८७८ साली, जंगलाचा कायदा आला. ज्या डोंगरावर बापजाद्यांची गुरे चरली, तो डोंगर सरकारचा झाला. सरपणाची मोळी आणली तरी गुन्हा. मिठावर कर होताच. चूल, गोठा आणि ताट, तिन्ही ठिकाणी सरकार येऊन बसले.

हे दुःख आणि ती शिकलेली माणसे यांची गाठ घालून दिली लोकमान्यांनी. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी गावोगाव सांगायला माणसे धाडली की, पीक बुडाले असेल तर सारा तहकूब मागायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे, घाबरून घरदार विकू नका. ही मोठी गोष्ट आहे. सरकारपुढे हात जोडून उभा राहणारा माणूस "माझा हक्क" हा शब्द त्या वेळी शिकला. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस कामावर गेले नाहीत. ते कामगार म्हणजे कोकणातून आणि आपल्या घाटावरून पोटासाठी गेलेलीच माणसे. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी गीतारहस्य लिहिले, हे आपल्या फडातल्या सगळ्यांना माहीत आहे. पण ते काय म्हणून तुरुंगात होते, हेही कीर्तनात सांगत जा, एवढी नव्या कीर्तनकारांना विनंती.

आता १९३० साल. महात्मा गांधींनी दांडीला मीठ उचलले. आपल्याकडे समुद्र नाही. मग लोकांनी जंगल धरले. शिराळ्याकडच्या बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला, बायाबापड्या त्यात उतरल्या. त्याच साली नाना पाटलांनी तलाठ्याची नोकरी सोडली. तलाठी म्हणजे गावातला सरकारचा हात. तो हातच सरकारपासून सुटला. पुढे नाना गावोगाव बोलायला लागले. धोतर, मुंडासे, खणखणीत आवाज आणि आपल्यासारखी बोली. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्याला नानांचे बोलणे कळत होते.

पंढरीच्या जवळच सोलापूर. तिथे त्याच १९३० च्या मे महिन्यात गोळीबार झाला, लोक खवळले, आणि काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरातून उठला. मग लष्करी कायदा लावला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिली. चौघांचे समाज निराळे, धर्म दोन, आणि मरण एक. सोलापूरवरून पंढरीला येणाऱ्यांनी या चौघांची आठवण करूनच पुढे यावे.

१९३६ साली खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिले. ७२ माणसांपासून निघालेली वाट पन्नास वर्षांनी खेड्यात पोचली.

मग आले ४२ साल. ८ ऑगस्टला मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे पुढारी धरले. सरकारला वाटले, डोके धरले की धड पडेल. पण आपल्या सातारा जिल्ह्यात उलटे झाले. तेव्हा सांगलीकडचे वाळवा, तासगाव, शिराळा, खानापूर हे तालुकेही साताऱ्यातच होते. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर, एकेका मामलेदार कचेरीवर मोर्चे निघाले. हातात काठी नाही, फक्त झेंडा. ९ सप्टेंबरला वडूजला गोळ्या झाडल्या. जयरामस्वामींच्या वडगावचे परशुराम घार्गे आणि आणखी आठजण गेले, एकूण नऊ. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे पडले.

आमचे दादा, म्हणजे वडील, त्या वेळी बारा वर्षांचे. ते सांगायचे की वडूजची बातमी आली त्या रात्री गावात कोणाच्या घरी चूल पेटली नाही. आणि सकाळी मात्र माणसे निराळीच दिसली. भीती होती ती रात्रीतच कुठेतरी निघून गेली.

पुढच्या वर्षापासून प्रतिसरकार उभे राहिले. लोक त्याला 'पत्री सरकार' म्हणत, कारण फितुराच्या आणि गुंडाच्या तळपायावर मार बसायचा. त्याच्या गोष्टी सगळे रंगवून सांगतात. ७ जून १९४३ ला शेणोलीला रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली, तीही सांगतात. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, तुफान सेना, ही नावे पोरासोरांना पाठ आहेत. पण आम्हाला त्याहून मोठे वाटते ते दुसरेच. गावाने गावात बसून न्याय करायला सुरुवात केली. बांधाचे भांडण, नांदवत नसलेली लेक, सावकाराने दाबलेली जमीन, हे सगळे पारावर सुटायला लागले. वकील नाही, तारीख नाही. लग्ने साधी झाली, नवरा-नवरीला हार घातले की झाले. त्याला गांधी-लग्न म्हणत. लग्नापायी कर्ज नको, हे गाडगेबाबाही कीर्तनातून घसा कोरडा होईस्तोवर सांगत होते. दारूचे गुत्ते बंद पडले. इंग्रजाला घालवणे हे एक, आणि आपला कारभार आपल्याला करता येतो हे दाखवणे हे दुसरे. स्वराज्य या दुसऱ्याला म्हणायचे, असे आमचे मत आहे.

आता आमच्या दिंडीचे सांगतो. यासाठीच लेखणी धरली आहे.

त्या वेळी विणा आमच्या आज्ज्याकडे होता. दिंडीचा सगळा शब्द त्यांचा. रात्री मळ्यात भूमिगत यायचे. आजी भाकऱ्या भाजायची, आणि दादा त्या फडक्यात बांधून गंजीमागे नेऊन द्यायचे. दिंडीतल्या बहुतेक घरांनी हे केले, आणि कोणी फुटले नाही. याचा अभिमान आम्ही दर वर्षी सांगतो.

पण चिठ्ठ्या कोण नेत होते? त्या काळी ज्याला महारवाडा म्हणत तिथले एक गृहस्थ होते. आमच्याच दिंडीतले टाळकरी. रात्री नदी उतरून पलीकडच्या गावाला चिठ्ठी पोचवून पहाटे परत. एकदा पोलिसांनी धरले आणि दोन दिवस मारले, तरी तोंड उघडले नाही. त्यांचे नाव लिहीत नाही, घरच्यांनी छापू नका म्हणून सांगितले आहे. गंजीमागे भूमिगतांच्या बरोबर ते एका फडक्यातली भाकरी खायचे. हे दादांनी डोळ्यांनी पाहिले. आणि आषाढीला, मुक्कामावर, तेच गृहस्थ आमच्या पंगतीपासून लांब, वेगळे बसायचे. वरून वाढायचे त्यांना. हेही दादांनी पाहिले. त्यांनी आज्ज्याला विचारले, "आप्पा, गंजीमागं चालतं, मग हितं का नाही?" आज्जा म्हणाला, "गंजीमागं कोण बघत नाही. हितं फड बघतोय."

१९४७ चा मे महिना. साने गुरुजी पंढरपूरला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. विठोबाचे दार सगळ्यांना उघडा, एवढेच मागणे. चोखोबांची समाधी नामदेव पायरीपाशी. त्यांच्या लोकांनी शेकडो वर्षे तिथूनच हात जोडायचे आणि माघारी फिरायचे. गुरुजी त्याआधी महिनोन् महिने महाराष्ट्रभर फिरून हेच सांगत होते. १ मेला बसले ते १० मेला उठले. दार उघडले.

त्याच आषाढीला, स्वातंत्र्य यायच्या आधीच, आमच्या दिंडीतले ते गृहस्थ पहिल्यांदा आत गेले. दादा त्यांच्या मागे होते. सांगायचे की पायावर डोके ठेवले ते उचलीनात, मागच्या माणसांनी धरून उठवले. आणि संध्याकाळी मुक्कामावर पान मांडले, ते परत वेगळे. विठोबाने दार उघडले, आम्ही पंगत उघडली नाही.

१५ ऑगस्टला गावात साखर वाटली. त्यांनीही वाटली. १९५० ला घटना आली, तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. डॉ. बाबासाहेबांनी कागदावर लिहून दिले, तरी आमच्या दिंडीला वाचता आले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झाले. त्यानंतर ते गृहस्थ आमच्या दारात आले, टाळ आज्ज्याच्या पायरीवर ठेवले आणि म्हणाले, "आप्पा, वाट बघितली. आता आमची वाट निराळी." रागाने नाही बोलले. आज्जा खाली मान घालून बसला. नंतर त्यांच्या घरचे कोणी आमच्या दिंडीत चालले नाही.

पंगत पुढे एक झाली. कशाने झाली, तेही खरे सांगतो. १९७२ च्या दुष्काळात सगळे गाव खडी फोडायला गेले. आम्ही चौथी सोडून त्याच कामावर पाटी उचलायला गेलो, शाळा तिथेच संपली. एका रांगेत खडी फोडायची, एका रांगेत सुकडी घ्यायची आणि तिथेच बसून खायची. वर्षभर तसे खाल्ल्यावर पुढच्या वारीला वेगळे पान मांडायची कोणालाच लाज वाटल्याशिवाय राहिली नसती, म्हणून मांडले नाही. म्हणजे ते कीर्तनाने झाले नाही. भुकेने झाले. कीर्तनकार म्हणून आम्हाला हे लिहिताना बरे वाटत नाही.

इंग्रजाविरुद्धचा लढा आपण जिंकला, कारण गंजीमागे सगळे एका फडक्यातले खात होते. तसे बसले नसते तर चिठ्ठी पोचली नसती आणि प्रतिसरकार महिनाभर टिकले नसते. ही गोष्ट आमच्या दिंडीला उजेडात कबूल करायला पाव शतक लागले. तेवढ्यात एक टाळकरी गेला. शताब्दीच्या पुस्तकात चांगले तेवढेच लिहावे असे काहींचे म्हणणे पडले. पण आपण रोज हरिपाठाला उभे राहतो, देवापुढे खोटे किती दिवस बोलणार?

सालं-तारखा तपासून देणारे गुरुजी म्हणजे त्या गृहस्थांचे नातू. आम्ही हे लिखाण घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन तारखा दुरुस्त केल्या आणि म्हणाले, "लिहा, पण आमच्यावर उपकार केल्यासारखं लिहू नका." आम्ही म्हटले, आजोबांचे टाळ अजून आमच्या देव्हाऱ्याशेजारी खुंटीला आहेत, परत घेऊन जा. ते म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडंच. आठवण तुम्हाला लागंल. आम्हाला आहे."

टाळ खुंटीलाच आहेत. ज्यांना बघायचे त्यांनी घरी यावे.

रामकृष्ण हरी.