ओळीवरचं एकटं टिंब

रोज रात्री दोन वाजता सर्व्हरने आपणहून मला मेल पाठवावा आणि त्यात बॅकअपमधल्या सगळ्या फाइलींची यादी असावी, अशी सोय मी काही वर्षांपूर्वी केली होती. चार ओळींची स्क्रिप्ट होती. आधी पत्ता आणि विषय, मग एक कोरी ओळ, मग 'फाइंड' या कमांडने काढलेली यादी, आणि हे सगळं पाइपमधून 'सेंडमेल' या मेल पाठवणाऱ्या कार्यक्रमाकडे. सकाळी मेल आलेला होता. पत्ता बरोबर, विषय बरोबर, वेळही बरोबर, पण आत एक अक्षर नाही. तीच स्क्रिप्ट हाताने चालवून यादी स्क्रीनवर काढली की हजारो ओळी भराभर उतरायच्या. दोन दिवस मी परवानग्या तपासल्या, डिस्क तपासली, वेळापत्रक तपासलं. कारण सापडलं ते यादीच्या पहिल्याच ओळीत. 'फाइंड' जिथून शोध सुरू करते त्या जागेचं नाव आधी छापते, आणि 'मी उभा आहे ती जागा' याचं लिनक्समधलं नाव आहे एक टिंब. सेंडमेलच्या लेखी ओळीवर एकटं टिंब म्हणजे पत्र संपलं. त्याने पहिल्याच ओळीला लिफाफा चिकटवून टाकला होता.

तेव्हापासून मी या टिंबाचं कूळ शोधतो आहे. कमांड लाइनवरून मेल पाठवण्याची कथा सांगायला याहून चांगलं टोक मला सापडलेलं नाही.

फोनवर किंवा ब्राउझरमध्ये पत्र लिहिताना 'पाठवा' हे बटण पत्राच्या बाहेर असतं. मजकूर एका चौकटीत, हुकूम दुसऱ्या. कमांड लाइनवर अशी दुसरी चौकट नाही. जे काही सांगायचं ते टाइप करूनच सांगायचं, त्यामुळे मजकूर आणि हुकूम एकाच शाईने, एकाच कागदावर उतरतात. मग पत्र कुठे संपलं हे यंत्राला कळणार कसं? हा पेच आपल्याकडच्या चिटणिसांनाही ठाऊक होता. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' हा शिक्का उमटवत, पुढे 'लेखनसीमा' असे शब्दही येऊ लागले. मजकूर इथवरच, याखाली कोणी काही लिहिलं तर ते आमचं नव्हे, असं सांगणारी ती खूण. संगणकाच्या टपालालाही अशी लेखनसीमा लागली, आणि तिचा आकार टिंबाएवढा निघाला.

सुरुवातीला मात्र तिची गरज नव्हती. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत 1960 च्या दशकात सीटीएसएस नावाची प्रणाली होती. आयबीएम 7094 हा एकच मोठा संगणक अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून एकाच वेळी वापरत. एकमेकांना निरोप द्यायचा तर सर्वांना दिसेल अशा जागी 'टू टॉम' अशा नावाची फाइल ठेवून द्यायची, टॉमला ती कधीतरी दिसेल या भरवशावर. 1965 मध्ये टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस या दोघांनी तिथे 'मेल' नावाची कमांड लिहिली. तशी कमांड असावी हा प्रस्ताव लुई पूझँ, ग्लेंडा श्रोडर आणि पॅट क्रिसमन यांच्या टिपणात आधीच मांडलेला होता, पण ती लिहिली कोणीच नव्हती. व्हॅन व्लेक आणि मॉरिस यांची कमांड आधी लिहून ठेवलेली फाइल उचलायची आणि ज्याला निरोप द्यायचा त्याच्या 'मेल बॉक्स' या फाइलीत जोडून द्यायची. फाइल संपली की पत्र संपलं. वेगळी खूण कशाला हवी?

ईमेलबद्दलची एक गोष्ट इथेच लख्ख दिसते आणि पुढे ती झाकली जाते. मुळात काहीही 'पाठवलं' जात नव्हतं. यंत्र एकच होतं. मेल म्हणजे दुसऱ्याच्या फाइलीत चार ओळी वाढवण्याची परवानगी, एवढंच. तारा आणि टपालवाले नंतर आले.

युनिक्सने हीच कल्पना उचलली. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्सची पहिली पुस्तिका 3 नोव्हेंबर 1971 ची आहे आणि 'मेल' ही कमांड तिच्यात आहे. टपाल आलं असेल तर ती छापायची आणि ठेवायचं का विचारायची. ठेवायचं म्हटलं तर ते 'एमबॉक्स' नावाच्या फाइलीत जायचं. एमबॉक्स हे नाव आजही मेलच्या साठ्याचं एक रूप म्हणून जिवंत आहे. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ असलेली एक ओळ लागायची. पुस्तिकेत तिला नावही टपाल खात्यातलंच होतं, पोस्टमार्क.

पण इथे पत्र थेट टाइपही करता येऊ लागलं, आणि शेवटाचा प्रश्न उभा राहिला. त्या काळचं टर्मिनल म्हणजे टेलिटाइप, कागदाच्या गुंडाळीवर खडखडत छापणारं यंत्र. छापलेली ओळ परत मागे जात नाही. कंट्रोल-डी दाबून 'आता आणखी काही नाही' असं सांगता येत असे, आणि 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत त्याच्या जोडीला दुसरी वाट दिलेली आहे: एका ओळीवर फक्त टिंब द्या. युनिक्सवाल्यांच्या बोटांना ती आधीच सवयीची होती. थॉम्पसन यांच्याच 'ई-डी' या संपादकात मजकूर घालायला 'ए' दाबायचं, हव्या तेवढ्या ओळी लिहायच्या आणि थांबायचं तेव्हा नव्या ओळीवर टिंब देऊन एंटर मारायचं. निवड मला फार शहाणपणाची वाटते. वाक्याच्या शेवटी टिंब सगळेच देतात, पण ओळभर एकटं टिंब कोणी माणूस लिहीत नाही. माणूस लिहीत नाही. 'फाइंड' लिहिते, हे मला चाळीसएक वर्षांनी कळायचं होतं.

इकडे यंत्रं एकमेकांना जोडली जात होती. 1971 मध्येच केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या बीबीएन कंपनीत रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरच्या माणसाला पत्र धाडलं आणि माणूस व यंत्र यांच्या नावांमध्ये '@' बसवलं. ती गोष्ट पुष्कळदा सांगून झाली आहे. कमी सांगितली जाते ती अभय भूषण यांची. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले हे विद्यार्थी पुढे एमआयटीत गेले आणि फाइली इकडून तिकडे नेण्याच्या नियमांचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा त्यांनी एप्रिल 1971 मध्ये लिहिला. पुढच्या वर्षी त्याच नियमांत टपालासाठी 'मेल' ही आज्ञा आली. म्हणजे काही वर्षं अर्पानेटवरचं, या जोडलेल्या यंत्रांच्या जाळ्यावरचं, टपाल फाइलींच्या गाडीत बसूनच प्रवास करत होतं. तिथेही मजकूर संपल्याची खूण ओळीवरचं टिंबच होती. कंट्रोल-डी इथे चाललं नसतं. ती खूण आपल्या यंत्राला कळते, पलीकडच्या वेगळ्या यंत्राला तिचा अर्थ निराळाच लागेल. टिंब हे साधं अक्षर. ते कुठेही गेलं तरी टिंबच राहतं.

ऑगस्ट 1982 मध्ये जॉन पोस्टेल यांनी टपालासाठी स्वतंत्र नियम लिहिले, एसएमटीपी. आज जगातला बहुतेक मेल त्याच नियमांच्या वारसांनी जातो. त्यातला संवाद दोन शेजाऱ्यांच्या बोलण्यासारखा आहे. एक यंत्र 'हेलो' म्हणतं, पत्र कोणाकडून आणि कोणाला हे सांगतं, मग 'डेटा' म्हणून मजकूर वाचू लागतं, आणि शेवटी ओळीवर एक टिंब. पोस्टेल यांनी त्यात माझ्या रिकाम्या मेलचं औषधही घालून ठेवलं होतं. पत्रातलीच एखादी ओळ टिंबाने सुरू होत असेल तर पाठवणाऱ्याने तिच्यापुढे आणखी एक टिंब लावायचं आणि घेणाऱ्याने ते काढून टाकायचं. मूळ पत्र शाबूत राहतं आणि वाचणाऱ्याला काही कळतही नाही.

माझं पत्र मात्र त्या रस्त्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ते घरातल्या घरात, सेंडमेलच्या उंबऱ्यावरच अडलं होतं.

या सेंडमेलची कुळी बर्कलीची. तिथल्या विद्यापीठात अर्पानेटची जोडणी इंग्रेस प्रकल्पाच्या यंत्राला होती, आणि टपालासाठी सगळ्यांना त्याच यंत्रावर खातं हवं असायचं. एरिक ऑलमन यांनी प्रत्येकाला खातं देण्याऐवजी टपालच प्रत्येकाच्या यंत्रापर्यंत पोचवणारा कार्यक्रम लिहिला, 'डिलिव्हरमेल'. त्याचा पुढचा अवतार म्हणजे 1983 च्या 4.2 बीएसडी या बर्कलीच्या युनिक्स आवृत्तीबरोबर आलेला सेंडमेल. लिहिण्यासाठीची कमांडही बर्कलीतच देखणी झाली. कर्ट शोन्स यांनी 1978 मध्ये लिहिलेल्या 'मेल'मध्ये 'एस' या पर्यायाने विषय देता येऊ लागला, आणि आज कोणी लिनक्सवर एका ओळीत विषयासह मेल पाठवतो तेव्हा तो शोन्स यांचीच रीत चालवत असतो. त्यांच्या कार्यक्रमात पत्र लिहिता लिहिता हुकूमही सोडता यायचे. ओळीच्या सुरुवातीला '~' ही लहरी रेघ दिली की ती ओळ मजकुराची नाही, हुकमाची. मग पत्रातच ती रेघ लिहायची असेल तर? दोनदा द्यायची. पुन्हा तोच पेच, आणि तोडगाही तसाच.

एमबॉक्सलाही हा पेच चुकला नाही. एकाच फाइलीत एकापुढे एक पत्रं ठेवायची तर नवं पत्र कुठे सुरू होतं हे कळायला हवं, आणि ते कळायचं पोस्टमार्कवरून, म्हणजे 'फ्रॉम' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीवरून. पण इंग्रजीत कोणीही आपलं वाक्य 'फ्रॉम'ने सुरू करू शकतो. तसं झालं की साठवणारा कार्यक्रम त्या शब्दापुढे '>' असं टोक लावून ठेवायचा. परत वाचताना ते सगळीकडे काढलं जात नसे. जुन्या इंग्रजी मेलमध्ये वाक्याच्या तोंडाशी असं टोक एकटंच बसलेलं दिसलं तर ती चूक लिहिणाऱ्याची नाही, तो टपाल ठेवणाऱ्याचा ओरखडा आहे. मला असे ओरखडे जपून ठेवावेसे वाटतात. पत्र कुठल्या हातांतून गेलं ते त्यांतून दिसतं.

आपल्याकडे हे टपाल आलं ते मुंबईत, टेलिफोनच्या तारेवरून. 1986 मध्ये संशोधन संस्थांची यंत्रं जोडणारा एर्नेट प्रकल्प सुरू झाला, आणि जुहूची एनसीएसटी ही संस्था व पवईची आयआयटी यांच्यात डायल-अप जोडणीवरून मेलची देवाणघेवाण होऊ लागली. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमाणी हे या कामातले एक प्रमुख. पद्धत यूयूसीपीची. एका यंत्राने दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेली पत्रं द्यायची, त्याची घ्यायची आणि फोन ठेवायचा. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला इंटरनेट खुलं केलं, तेव्हा स्वस्तातलं खातं म्हणजे 'शेल' खातं होतं. मोडेमची शीळ थांबली की काळ्या पडद्यावर युनिक्स, आणि मेलसाठी 'पाइन' नावाचा कार्यक्रम. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी परदेशातल्या भावाबहिणींना पहिला ईमेल कमांड लाइनवरूनच लिहिला आहे, तेव्हा तिचं नाव माहीत नसलं तरी.

आज सर्व्हरवर मूळ सेंडमेल क्वचित दिसतो. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी 1995 मध्ये लिहायला घेतलेला एक्झिम किंवा वित्से व्हेनेमा यांचा पोस्टफिक्स त्याच्या जागी असतो. पण दोघांनीही 'सेंडमेल' याच नावाची कमांड देऊ केली, कारण जुन्या हजारो स्क्रिप्टा त्याच नावाने हाक मारतात. नाव आलं तसं टिंबही आलं. पेचाची मुळातून उत्तरंही निघाली. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या 'मेलडिर' रचनेत प्रत्येक पत्राला स्वतंत्र फाइल, त्यामुळे 'फ्रॉम'ची भानगडच नाही. डिसेंबर 2000 मध्ये एसएमटीपीला जोडलेल्या एका नियमानुसार पाठवणारा आधीच सांगतो की इतकी अक्षरं येत आहेत, मोजून घ्या. मग शेवटाची खूण लागतच नाही. ही उत्तरं नक्कीच जास्त नेटकी आहेत. पण अक्षरं मोजायला यंत्र लागतं, टिंब माणसालाही देता येतं.

माझ्या स्क्रिप्टचा इलाज दोन अक्षरांचा निघाला. सेंडमेलपुढे '-आय' लिहायचं, म्हणजे एकट्या टिंबाकडे लक्ष देऊ नकोस. त्या रात्रीपासून यादी नीट येते, आणि तिच्या पहिल्या ओळीवर ते टिंब असतं. ते काढायची युक्ती मला माहीत आहे, पण मी ते राहू दिलं आहे.

हाताखाली कोणी नवं शिकायला आलं की मी त्यांना मेलची कमांड लगेच देत नाही. आधी आमच्याच सर्व्हरच्या 25 क्रमांकाच्या पोर्टला टेलनेटने जोडून देतो आणि सांगतो, पत्र हाताने पाठव. 'हेलो' होतं, नावं सांगून होतात, 'डेटा' म्हटल्यावर पलीकडून 354 येतं, म्हणजे बोला, ऐकतो आहे. शिकायला आलेली मुलगी दोन ओळी मराठीत लिहिते, एंटर मारते आणि माझ्याकडे बघते. आता टिंब दे, मी म्हणतो. ती टिंब देते, पुन्हा एंटर, आणि खालच्या ओळीवर उमटतं, 250.